तेलाचा डाग आणि कुर्ल्याची पद्मिनी

घाटकोपरला लागून असलेल्या कुर्ल्यात, लालबहादूर शास्त्री मार्गालगत, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी. इटलीच्या फियाट ११०० चे भारतीय रूप येथेच घडले. १९७४ पासून ते ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले.

परवानाराजात नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच हाती असलेली गाडी जपणे भाग होते, आणि किरकोळ दुरुस्ती अनेकदा इमारतीच्या आवारातच उरकली जाई.

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की पहिला संशय टॅपेट कव्हरवर. त्याखालचे कॉर्कचे गॅस्केट उष्णतेने कडक होऊन आक्रसे. मात्र डाग पडतो त्याच्या नेमके वर गळती असतेच असे नाही. तेल वरून ओघळते, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकते. म्हणून थंड इंजिन घासलेटने पुसून पूर्ण कोरडे करायचे, खाली जुने वर्तमानपत्र अंथरायचे, इंजिन थोडा वेळ चालवायचे आणि ओलाव्याची सर्वांत वरची जागा शोधायची.

नवे गॅस्केट बसवताना नट अति आवळले तर कॉर्क चिरडे आणि गळती वाढे. नवशिक्याची ही हमखास चूक. ब्रीदरची नळी तुंबलेली असेल तर नवे गॅस्केटही टिकत नसे, कारण आत कोंडलेला दाब तेल बाहेर ढकलीच.

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची वयोमर्यादा भरताच २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याचा कारखाना त्याच्या कितीतरी आधीच शांत झाला होता.