वापरलेल्या खाद्यतेलावर जुनी डिझेल गाडी चालते का? समजून घेऊया

'ढाब्यावरचं जळकं तेल गाळून टाकीत ओतलं आणि गाडी सुरू!' असे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतीलच. खाली कमेंटमध्ये निम्मे लोक 'फेक आहे' म्हणतात आणि निम्मे 'तेल कुठे मिळेल' विचारतात. माझं मत विचाराल तर व्हिडिओ बऱ्याचदा खोटा नसतो. जुनी डिझेल गाडी खाद्यतेलावर खरंच सुरू होते. पण सहा महिन्यांनी त्या इंजिनचं काय झालं, हे कुणी दाखवत नाही.

कल्पना तशी नवी नाहीच. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते, आणि तिच्यात फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. फवारा नीट बारीक झाला, तर तेल डिझेलचं आहे की शेंगदाण्याचं, याची इंजिनला फारशी फिकीर नसते.

सगळी गोम दाटपणात आहे

भारतीय मानकानुसार डिझेलचा दाटपणा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली श्यानता, ४० अंश तापमानाला २ ते ४.५ सेंटीस्टोक असते. खाद्यतेलाची त्याच तापमानाला ३० ते ४० च्या घरात जाते. म्हणजे साधारण दहापट दाट! नोझलमधून बारीक धुकं निघायच्या ऐवजी जाड थेंब पडतात. ते पूर्ण जळत नाहीत, नोझलच्या टोकावर आणि पिस्टनच्या रिंगांमध्ये काजळी साचते.

त्यातून न जळलेलं तेल रिंगांच्या फटीतून खाली इंजिन ऑईलमध्ये उतरतं. तुमच्या घरातल्या कढईच्या बाहेरच्या बाजूला एक चिकट तपकिरी थर बसलेला असतो बघा, घासून घासून हात दुखले तरी न निघणारा? उष्णता आणि हवेमुळे तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तो तयार होतो. याला पॉलिमरायझेशन म्हणतात. हेच इंजिन ऑईलमध्ये झालं की ऑईलचा लगदा होतो, आणि मग वंगण नसलेलं इंजिन किती टिकणार?

'निम्मं डिझेल, निम्मं तेल' या जुगाडाने दाटपणा कमी होतो हे खरं. पण कढईवाला गुण तेलात तसाच राहतो. नुकसान थांबत नाही, फक्त लांबतं.

मग परदेशात लोक चालवतात ते कसं?

तिकडे दोन टाक्यांची पद्धत आहे. एका टाकीत साधं डिझेल, दुसरीत गाळलेलं तेल. गाडी डिझेलवर सुरू करायची. रेडिएटरकडे जाणारं गरम पाणी तेलाच्या टाकीतून आणि पाईपजवळून फिरवलेलं असतं. तेल ७०-८० अंशांपर्यंत तापलं की ते बरंच पातळ होतं, मग एका व्हॉल्व्हने तेलावर यायचं. आणि गाडी बंद करायच्या काही मिनिटं आधी परत डिझेलवर, म्हणजे पंप आणि नोझलमध्ये तेल गार होऊन बसायला नको.

आता तुमचा रोजचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. घर ते कॉलेज सहा किलोमीटर. इंजिन पुरतं तापेपर्यंत कॉलेजचं गेट आलं! शहरातल्या छोट्या फेऱ्यांना ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी आहे. रोज लांबचा पल्ला मारणाऱ्यालाच ती परवडते.

ब्रिटनमध्ये ३० जून २००७ पासून अशा इंधनाचं वर्षाला २५०० लिटरपर्यंत उत्पादन करणाऱ्याला इंधनकर माफ झाला. त्याआधी २००२ मध्ये वेल्समध्ये लोक सुपरमार्केटमधून तेलाचे कॅन उचलून गाडीत ओतायचे, आणि करचुकवेगिरीत पकडले गेले. धुराला चिप्स तळल्यासारखा वास यायचा म्हणे, लपणार कसं!

तुमची गाडी कुठल्या जातकुळीतली?

जुन्या प्री-चेंबर इंजिनांत इंधन आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं आणि तिथे त्याची हवेशी चांगली घुसळण होते. अशी इंजिनं थोडं वाईट इंधनही सहन करतात. अँबॅसडरचं जुनं दीड लिटर डिझेल आणि पहिल्या इंडिकांचं १.४ लिटर इंजिन या प्रकारचं. त्यांच्या नोझल दीडशे बारच्या आसपासच्या दाबावर उघडतात.

कॉमन रेल गाड्यांत हाच दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त असतो आणि नोझलची भोकं केसासारखी बारीक. स्विफ्ट डिझेल, इंडिका व्हिस्टाचं क्वाड्राजेट, हे सगळे कॉमन रेल. त्यांच्यात खाद्यतेल घालायचा विचारही करू नका. आणि नुसतं 'इंडिका' या नावावर जाऊ नका, नाव तेच ठेवून आतलं इंजिन बदललेलं आहे.

पंपाचंही बघावं लागतं. अनेक रोटरी पंपांना वंगण त्यातून जाणाऱ्या इंधनाचंच मिळतं. थंड, दाट तेल खेचताना असा पंप आधी जातो.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे हॉटेलांत बहुतेक तळण पामतेलात होतं. ते थंडीत गोठतं. नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी फिल्टरमध्ये तुपासारखा गोळा बसलेला मिळेल. शिवाय भजी-वड्यांमुळे तेलात पाणी उतरलेलं असतं. तापलेल्या तव्यावर चार थेंब टाकून बघा, तडतडलं तर पाणी आहे. पाणी म्हणजे पंपाला गंज.

बायोडिझेल ही वेगळी गोष्ट आहे

तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिकसारखा क्षार मिसळून रासायनिक क्रिया केली की ग्लिसरीन खाली बसतं आणि वर बायोडिझेल उरतं. ते जवळपास डिझेलइतकं पातळ असतं. युट्यूबवर 'घरी बनवा' म्हणून व्हिडिओ आहेत, पण मित्रांनो, मिथेनॉलने डोळे कायमचे जाऊ शकतात, आणि त्याची वाफ सहज पेट घेते. बाल्कनीत करायचा हा प्रयोग नाही. जळकं तेल आंबट झालेलं असल्यामुळे क्षाराचं प्रमाण जरा चुकलं की बायोडिझेलऐवजी साबण होतो, तो भाग वेगळाच.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदीशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. दुसरी टाकी बसवलीत तर अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते.

तेलाची खरी किंमत

मला यातली जास्त गंभीर बाजू गाडीची वाटतच नाही. हॉटेलातलं टाकाऊ तेल फुकट पडून नसतं, ते विकलं जातं, आणि त्यातलं काही स्वस्तात परत खाण्याच्या गाड्यांवर पोचतं. म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून तेलातल्या 'टोटल पोलर कंपाउंड्स'ना २५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापुढे ते तेल खाण्यात वापरायचं नाही. त्याच वर्षी १० ऑगस्टला 'रुको' योजना आली. हे तेल गोळा करून बायोडिझेल कारखान्यांना द्यायचं. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या हॉटेलांना त्याची नोंद ठेवावी लागते. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये भाव जाहीर केला होता.

तुमच्या ओळखीत कुणाचं हॉटेल, मेस किंवा वडापावची गाडी असेल, तर नोंदणीकृत तेल गोळा करणाऱ्यांची राज्यवार यादी एफएसएसएआयच्या रुको पानावर आहे, ती मोबाईलवर उघडून दाखवा. देताना तेल पूर्ण गार करा, गाळा, झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. आणि कॅन नेणाऱ्याकडून पावती मागायला विसरू नका.