अ‍ॅप डेव्हलपरचा इंटरव्ह्यू : फोन आडवा केला तर काय होतं?

हिंजवडीत अँड्रॉइड डेव्हलपरचा इंटरव्ह्यू आहे? गुगलने 2019 मध्ये कोटलिनला पहिली पसंती दिली, त्यामुळे नुसतं जावा येऊन भागत नाही. नेहमीचा प्रश्न : फॉर्म भरताना फोन आडवा केला तर? अँड्रॉइड सहसा ती अ‍ॅक्टिव्हिटी मोडून नव्याने तयार करतं. माहिती व्ह्यूमॉडेलमध्ये असेल तर टिकते. पण मेमरी कमी पडून सिस्टिमने अ‍ॅपची प्रोसेसच बंद केली, तर व्ह्यूमॉडेलही जातं. तिथे सेव्ह्डस्टेटहँडल लागतं. अडखळायला होतं ते इथेच. पुढचा प्रश्न चाकणच्या कारखान्यातला समजा : शेडमध्ये रेंज नाही, तपासणीची नोंद कुठे जाईल? आधी फोनमधल्या रूम डेटाबेसमध्ये; नेट आलं की वर्कमॅनेजर ती सर्व्हरवर पाठवेल. आणि हो, रेझ्युमेमधलं अ‍ॅप फोनमध्ये चालू असू द्या, "दाखवा" म्हणू शकतात.