बिअरनिर्मिती, घरगुती

बिअरनिर्मिती, घरगुती : व्यापारी मद्यशाळेबाहेर, स्वतःच्या वापराकरिता धान्यापासून अल्प प्रमाणात बिअर तयार करण्याची पद्धती. मोड आणून वाळविलेले सातू (माल्ट), पाणी, हॉप व यीस्ट हे तिचे मुख्य घटक होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पद्धतीत विद्युत् तापकांचा वापर रूढ झाला.

इतिहास : बिअर करणे हे मुळात घरकामच होते. सुमेरियात इ. स. पू. सु. १८०० च्या सुमारास निन्कासी या देवतेच्या स्तोत्रात बिअरनिर्मितीची कृती आली आहे. मद्य गाळण्याचा अधिकार घराचा की राज्यसंस्थेचा, हा प्रश्नही प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या नियंत्रणाचे विवेचन आहे. तथापि कुटुंबांना मंगलकार्यासाठी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा असून उत्सव व यात्रांसाठी चार दिवसांची सवलत सांगितलेली आहे.

महाराष्ट्रात ही मुभा ब्रिटिश अमदानीत संपुष्टात आली. १८७८ च्या मुंबई आबकारी अधिनियमाने मद्यनिर्मिती परवान्याच्या कक्षेत आणली. पुढे १८९२ च्या मोहविषयक अधिनियमाने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. मोह हे आदिवासींचे अन्न, तसेच देवकार्यातील पेय असल्याने या निर्बंधाची झळ केवळ व्यसनाला नव्हे, तर उपजीविकेला व धर्माचारालाही बसली.

मराठवाड्यात परिस्थिती निराळी होती. डोंगरकडा (कळमनुरी तालुका, पूर्वीचा परभणी व १९९९ पासून हिंगोली जिल्हा) हे गाव ज्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, तेथे शिंदी व दारूवरील आबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा एक प्रकार ठरला. झाड पडले की निजामाचा महसूल बुडे. १९५६ साली हा प्रदेश मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या अधिनियमाने १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम येथेही लागू झाला. त्याच्या कलम ६५ नुसार परवान्याविना मादक पेय तयार करणे, इतकेच नव्हे तर त्या हेतूने भांडी वा उपकरणे बाळगणे हाही गुन्हा आहे.

अन्यत्र कायदे सैल होत गेले. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरगुती निर्मितीस लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. तेथील डेव्ह लाइन या विद्युत् अभियंत्याच्या १९७४ मधील ग्रंथाने अखंड धान्यापासून बिअर करण्याची पद्धती लोकप्रिय केली. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली, तरी घरगुती बिअरला संघराज्यीय कायद्याची मुभा १९७८ मध्येच मिळाली. महाराष्ट्रात २००९ साली पुण्यात डूलॅली ही सूक्ष्म मद्यशाळा सुरू झाली. मात्र ती परवान्याखालील व्यापारी निर्मिती होय.

विद्युत् संच : यात सामान्यतः पाणी तापविणे, माल्ट भिजविणे व उकळणे यांसाठी एक ते तीन अगंज पोलादी भांडी असतात. भरडलेले माल्ट सु. ६५° ते ६८° से. तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले असता त्यातील एंझाइमे स्टार्चाचे शर्करेत रूपांतर करतात. तापमान दोनचार अंशांनी बदलले तरी बिअरची गोडी व मद्यांश बदलतो. ज्वालेपेक्षा वीज सोयीची ठरते ती यामुळेच : तापमान संवेदक व नियंत्रक तापक आपोआप चालूबंद करतात. २५ लि. पाणी २०° से. वरून ६७° से. पर्यंत नेण्यास सु. १.४ किवॉ. तास ऊर्जा लागते; ३ किवॉ.च्या तापकाने हे काम सु. अर्ध्या तासात होते. २३० व्होल्टला असा तापक सु. १३ अँपि. प्रवाह घेतो. म्हणून स्वतंत्र मंडल, भांड्याचे भूसंपर्कन व ३० मिलिअँपि.चा गळती-खंडक अत्यावश्यक असतात. तापक द्रवाबाहेर उघडा पडल्यास जळतो. त्याची पृष्ठीय शक्ती जास्त असल्यास रस करपतो.

गाळलेला रस हॉप घालून सु. एक तास उकळतात, त्वरित थंड करतात व यीस्ट मिसळून किण्वनास ठेवतात. यात ऊर्ध्वपातन नसते. त्यामुळे हातभट्टीच्या दारूहून ही प्रक्रिया मूलतः भिन्न आहे. वर उल्लेखिलेले कलम मात्र हा भेद करीत नाही.