टर्कीच्या शिकारीसाठी छर्रा किती नंबरचा?

अमेरिकेत एप्रिल-मे महिन्यांत पहाटेच्या वेळी रानात एखाद्या झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून, नखशिखांत हिरव्या-तपकिरी कपड्यांत, चेहऱ्यावरही जाळी ओढून बसलेला माणूस बहुधा टर्कीचा शिकारी असतो. लाकडी डबीवर तिचं झाकण घासून तो मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे चालत यावं म्हणून तासन्‌तास हलत नाही. नर आलाच तर बार काढायची संधी बहुतेक वेळा एकदाच मिळते. त्या एका काडतुसात कोणत्या जाडीचे छर्रे असावेत, यावर तिकडचे शिकारी वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. वरवर पाहता हा छंदी लोकांचा वाद वाटतो. पण पक्षी जागच्या जागी मरतो की जखमी होऊन झुडपात जाऊन मरतो, आणि झाडामागे बसलेला दुसरा शिकारी सुखरूप घरी जातो की नाही, या दोन्ही गोष्टी त्यात अडकलेल्या आहेत.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी हौसेची शिकार उरलेली नाही. अमेरिकेत मात्र परवाना, ठरावीक हंगाम आणि ठरावीक संख्या या चौकटीत ती चालते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे रानटी टर्की अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. पुढे उरलेले पक्षी जाळ्यात पकडून दुसऱ्या रानांत सोडण्याचा कार्यक्रम अनेक दशकं चालला आणि आज तिथे हे पक्षी लाखोंच्या संख्येने आहेत. या कामाचा बराच पैसा १९३७ च्या एका कायद्यातून आला. त्या कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसं यांवरचा ११ टक्के केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो.

नेम मानेवरच का?

नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मराठी घरांनाही दुकानात जो टर्की दिसतो तो फार्मवरचा, पांढऱ्या पिसांचा आणि जेमतेम चालणारा. रानातला टर्की वेगळा. नर साधारण ७ ते ११ किलोचा, नजर अतिशय तीक्ष्ण, पळायला वेगवान, आणि एवढा जड असूनही तो उडतो. त्याच्या अंगावर पिसांचे दाट थर असतात, छातीचा स्नायू जाड असतो आणि पंखांची हाडं मजबूत असतात. लहान छर्रे या सगळ्यातून आरपार जाऊन काळीज गाठतील याचा भरवसा नसतो. अंगावर बार बसलेला टर्की अनेकदा तसाच पळतो किंवा उडतो, आणि नंतर कुठेतरी झाडीत मरतो. शिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून नेम डोकं आणि मान यांवर धरतात. एखाद-दोन छर्रे मेंदूत किंवा मानेच्या मणक्यांत गेले की पक्षी तिथेच कोसळतो. अडचण अशी की हे लक्ष्य जेमतेम दोन-चार सेंटिमीटर रुंद आहे आणि ते सतत हलत असतं.

नंबर उलटे का चालतात?

आपल्याकडे जिला बारा बोअरची बंदूक म्हणतात, तीच टर्कीसाठी सर्वांत जास्त वापरली जाते. तिच्या काडतुसात एक गोळी नसते, शेकडो छर्रे असतात. छर्ऱ्याचा नंबर जितका मोठा तितका छर्रा लहान, हे नव्या माणसाला गोंधळात टाकतं. अमेरिकन पद्धतीत त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. १७ मधून नंबर वजा करायचा, की इंचाच्या शंभराव्या भागांत छर्ऱ्याची जाडी मिळते. म्हणजे ४ नंबरचा छर्रा ०.१३ इंच (३.३ मिमी), ६ नंबरचा ०.११ इंच (२.८ मिमी) आणि ९ नंबरचा ०.०८ इंच (२ मिमी). ब्रिटिश पद्धतीचे आकडे याच्याशी जुळत नाहीत. तिथे २.८ मिमीचा छर्रा ५ नंबरचा असतो. त्यामुळे जुन्या इंग्रजी पुस्तकातला सल्ला अमेरिकन खोक्यावरच्या आकड्याला जसाच्या तसा लावला तर चूक होते.

छर्रा थोडा लहान झाला की त्यांची संख्या बरीच वाढते. एका औंसात, म्हणजे साधारण २८ ग्रॅममध्ये, शिशाचे ४ नंबरचे सुमारे १३५ छर्रे बसतात, ५ नंबरचे १७०, तर ६ नंबरचे २२५.

सगळा पेच इथेच आहे. छर्रे जास्त असले तर त्यांतले काही त्या बारीक मानेत लागण्याची शक्यता वाढते. पण लहान छर्रा हलका असतो. हवेत त्याचा वेग लवकर ओसरतो आणि हाडापर्यंत पोचल्यावर त्याच्यात जोर उरत नाही. मोठा छर्रा खोल जातो, पण छर्ऱ्यांमध्ये मोकळ्या जागा राहतात आणि नेमकी मान त्या मोकळ्या जागेत सापडू शकते. शिशाच्या बाबतीत ४, ५ आणि ६ हे तीन नंबर वर्षानुवर्षं टिकले ते यामुळेच. ७½ नंबर सरावाच्या उडत्या तबकड्या फोडायला उत्तम, टर्कीसाठी फार हलका. वादात ४ आणि ६ या दोन्ही नंबरांचे कट्टर समर्थक भेटतात. ५ नंबरवाले सहसा शांत असतात आणि बहुधा त्यांचंच बरोबर असतं.

कागदावरची परीक्षा

हा वाद बोलून मिटत नाही, कागदावर मिटतो. शिकारी ४० यार्डांवर (साधारण ३६ मीटर) मोठा कागद लावतात, बार काढतात आणि जिथे सर्वांत दाट भोकं पडली असतील तिथे १० इंच व्यासाचं वर्तुळ आखून आतली भोकं मोजतात. त्यात १०० भोकं असावीत, असा जुना दंडक आहे. पावणेदोन औंसांच्या, म्हणजे १¾ औंसाच्या काडतुसात ४ नंबरचे सुमारे २३५ छर्रे असतात. त्यांतले शंभर वर्तुळात आणायचे तर ४२ टक्क्यांहून जास्त छर्रे एवढ्याशा जागेत बसले पाहिजेत. ६ नंबरचे सुमारे ३९० असतात, तिथे चौथा हिस्सा आला तरी भागतं. ४० यार्डांवर शिशाचा ४ नंबर शंभरी गाठत नसेल, तर ती त्या बंदुकीची अंतराची मर्यादा समजायची आणि पक्षी आणखी जवळ येईपर्यंत थांबायचं.

छर्रे किती दाट पडतील हे नळीच्या टोकाला असलेल्या चोकवरही अवलंबून असतं. चोक म्हणजे नळीचं तोंड किंचित अरुंद करणारा भाग. टर्कीसाठी नेहमीपेक्षा जास्त अरुंद चोक मिळतो. पण अरुंद म्हणजे चांगला, असं सरळ गणित नाही. एकच काडतूस, एकच चोक, तरी एकाच कंपनीच्या दोन बंदुका वेगवेगळा फैलाव देतात. मऊ शिशाचे छर्रे फार अरुंद तोंडातून जाताना चेपटे होतात आणि भरकटतात, म्हणून टर्कीच्या काडतुसांत अँटिमनी मिसळलेलं कडक शिसं किंवा तांब्याचा मुलामा दिलेले छर्रे वापरतात.

जवळून चुकण्याचं कारणही हेच. पक्षी दहा मीटरवर आला की घट्ट चोकमधून निघालेले छर्रे अजून मुठीएवढ्या जागेतच असतात, जणू एकच गोळी. हात जरा हलला की सगळा बार मानेच्या शेजारून निघून जातो. कागद ४० यार्डांवर लावणारे बरेच आहेत, पण दहावर लावून पाहणारे थोडे.

टंगस्टन आल्यावर

गेल्या काही वर्षांत या वादाची पायाच हलला, कारण धातू बदलला. शिशाची घनता पाण्याच्या साधारण ११ पट, पोलादाची ७.८ पट, बिस्मथची ९.६ पट. टंगस्टनच्या सर्वांत जड मिश्रधातूची मात्र १८ पट. छर्रा किती खोल जाईल याचा ढोबळ अंदाज घनता आणि जाडी यांच्या गुणाकारावरून येतो. शिशाच्या ४ नंबरसाठी ११.१ गुणिले ३.३, म्हणजे सुमारे ३७. टंगस्टनच्या ९ नंबरसाठी १८.१ गुणिले २.०३, तेही ३७ च. म्हणजे मोहरीएवढा टंगस्टनचा दाणा ४ नंबरच्या शिशाच्या जोडीला बसतो, आणि औंसात १३५ ऐवजी सुमारे ३६० मावतात. मोठा छर्रा की जास्त छर्रे, हा प्रश्नच इथे बराचसा विरघळतो.

याचा सर्वांत मोठा फायदा लहान बंदुकांना झाला. ४१० बोअरची हलकी बंदूक पूर्वी टर्कीसाठी अपुरी मानली जाई. तिच्या काडतुसात साधारण २३ ग्रॅम टंगस्टन भरला तर ९ नंबरचे २९० च्या आसपास छर्रे बसतात, बारा बोअरच्या शिशाच्या ४ नंबरपेक्षाही जास्त. खांद्याला बसणारा धक्का सोसत नाही अशी मुलं आणि वयस्कर माणसं यांना ही बंदूक चालते. खोट एकच, किंमत. एकेका काडतुसाला दहा डॉलर किंवा त्याहून जास्त पडतात, त्यामुळे कागदावरची परीक्षा दोन-तीन बारांत उरकण्याचा मोह होतो. नेम धरायचा सराव स्वस्त काडतुसांवर करता येतो, फैलावाची परीक्षा मात्र प्रत्यक्ष वापरायच्या काडतुसावरच करावी लागते.

पोलादाचं गणित उलटं आहे. ते हलकं असल्यामुळे शिशाच्या जागी पोलाद घेताना दोन नंबर मोठा छर्रा घेतात, ४ ऐवजी २.

कायदा छर्ऱ्याला कमाल मर्यादा का घालतो?

खरेदीच्या आधी राज्याचे नियम पाहावे लागतात. मिसूरीत टर्कीसाठी ४ नंबरपेक्षा मोठा छर्रा चालत नाही. पेनसिल्व्हेनियातही शिशाला ४ नंबरची मर्यादा आहे, पोलादाला २ नंबरची. यामागे पक्ष्यापेक्षा माणसांचा विचार जास्त आहे. टर्कीचा शिकारी स्वतः लपलेला असतो आणि टर्कीचाच आवाज काढत असतो. तो आवाज ऐकून दुसरा शिकारी दबकत त्याच्याच दिशेने येऊ शकतो. मोठा छर्रा जास्त दूर जातो आणि दूरवरही जास्त जखम करतो. ढोबळ नियम असा की शिशाच्या छर्ऱ्याची इंचातली जाडी २,२०० ने गुणली की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते कळतं. ४ नंबरसाठी हे २८६ यार्ड, म्हणजे २६० मीटर होतात. ज्या अंतरावर पक्षी मरतो त्याच्या सातपट अंतरापर्यंत छर्रा कुठेतरी पडत असतो. टंगस्टनचा दाणा त्याच जाडीच्या शिशापेक्षा दूर जातो, हेही लक्षात ठेवावं लागतं.

याच कारणाने टर्कीच्या रानात लाल, पांढरा आणि निळा हे रंग टाळायला शिकवतात. वसंतात नराच्या डोक्यावर नेमके हेच तीन रंग असतात. खिशातून काढलेला पांढरा रुमाल किंवा सदऱ्याच्या आतून डोकावणारी लाल बनियन दुसऱ्याला टर्कीचं डोकं वाटू शकते.

शिशाचा प्रश्न वेगळा. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंदी आहे, कारण तळ्याच्या तळाशी पडलेले छर्रे खाऊन बदकं मरत होती. टर्की जमिनीवरचा पक्षी असल्याने ती बंदी त्याला लागू नाही. कॅलिफोर्नियात मात्र जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीत शिसं वापरता येत नाही, आणि इतरत्रही काही राखीव क्षेत्रांत बिनविषारी छर्ऱ्यांची सक्ती असते.

नेम मानेवर असला तरी दोन-चार छर्रे छातीच्या वरच्या भागात जातातच. मांस कापताना पिसं आत ओढली गेलेली दिसली की तिथे छर्रा आहे असं समजून तो भाग उघडून काढतात. शिशाचा दाणा दाताखाली आला तर तो निदान चेपतो. टंगस्टनचा चेपत नाही, दातच फुटतो.