माशांच्या अंडाशयातील प्रथिनांचे चक्र

खवय्यांना प्रिय असलेली गाबोळी म्हणजे मादी माशाचे अंड्यांनी भरलेले अंडाशय. वर्षभर त्याचे स्वरूप सारखे नसते. रोहू, कटला, मृगळ या गोड्या पाण्यातील माशांचे अंडाशय हिवाळ्यात बारीक, निस्तेज पट्टीसारखे असते; पावसाळ्याच्या तोंडावर तेच उदरपोकळीचा मोठा भाग व्यापते. या वाढीमागे मुख्यतः प्रथिनांचा संचय असतो.

ही प्रथिने बव्हंशी अंडाशयात नव्हे, तर यकृतात तयार होतात. उन्हाळ्यात दिवस मोठा होतो, पाणी तापते, तशी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून संप्रेरके स्रवू लागतात. त्यांच्या प्रभावाने अंडाशयात ईस्ट्राडायोल हे संप्रेरक निर्माण होते. ते रक्तावाटे यकृतात पोहोचले, की तेथे ‘व्हिटेलोजेनिन’ या प्रथिनाची निर्मिती सुरू होते. मेद, फॉस्फरस व कॅल्शियम सोबत घेऊन हे प्रथिन रक्तातून अंडाशयात येते. वाढत्या अंडपेशी ते शोषून घेतात, विकरांच्या साहाय्याने त्याचे विघटन करतात आणि लिपोव्हिटेलिन, फॉस्विटिन अशा पीतक-प्रथिनांच्या रूपात साठवतात. अंड्यातील गर्भ आणि नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू याच शिदोरीवर वाढते.

संचय पूर्ण झाला म्हणजे मादी अंडी घालतेच असे नाही. रोहू-कटल्याला त्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात अंतिम संप्रेरक-संकेत मिळत नाही. अंड्यांचा ऱ्हास होतो आणि त्यांतील प्रथिने शरीरात पुन्हा शोषली जातात. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. भारतीय मत्स्यशेतीला त्यामुळे बीजाचा भरवशाचा मार्ग मिळाला.

व्हिटेलोजेनिनचे जनुक नराच्या यकृतातही असते. मात्र ईस्ट्राडायोलचे प्रमाण अत्यल्प असल्याने ते जवळजवळ निष्क्रिय राहते. ब्रिटनमध्ये सांडपाणी सोडल्या जाणाऱ्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवलेल्या नर ट्राउट माशांच्या रक्तात हे प्रथिन मोठ्या प्रमाणात आढळल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून नरातील व्हिटेलोजेनिन हे पाण्यातील संप्रेरकसदृश प्रदूषणाचे विश्वसनीय लक्षण मानले जाते.

कोकणात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून, शेतांतून वर येणारे ‘चढणीचे मासे’ पकडण्याचा उत्साह मोठा असतो. हे मासे चढतात ते अंडी घालण्यासाठीच. अशा वेळी जाळ्यात सापडलेल्या मादीबरोबर यकृताने अनेक आठवडे रक्तातून पुरवलेली शिदोरी आणि तिच्यावर पोसली जाणारी पुढची पिढीही संपते.