एका कृमीचा दप्तरदार

१९८३ पूर्वीची दीड-एक वर्षे केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेतील लहानशा खोलीत एक दाढीवाले गृहस्थ रोज दोन वेळा, आणि दर वेळी चार तास, सूक्ष्मदर्शकास डोळा लावून बसत. काचेखाली एका सूत्रकृमीचे अंडे असे. हा कृमी पूर्ण वाढला तरी त्याची लांबी अवघी एक मिलिमीटर. अंड्यातील पेशी एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा फुटत जात. कोणती पेशी कोणाची लेक, ती कोठे सरकली, कोणती जगली नि कोणती मेली, ह्याची नोंद हे गृहस्थ रंगीत लेखण्यांनी करून ठेवीत. अंड्याबाहेर आल्यानंतरच्या वाढीची वंशावळ त्यांनी १९७७ सालीच रॉबर्ट हॉर्विट्झ ह्यांच्यासह पुरी केली होती. आता गर्भावस्थेतील भागही तीस जोडला गेला आणि एका प्राण्याच्या प्रत्येक पेशीची कुळकथा माणसाच्या हाती प्रथमच आली. उभयलिंगी कृमीच्या देहात लिंगपेशी वगळता १०९० पेशी जन्मतात, त्यांतील १३१ ठरल्या वेळी मरतात आणि ९५९ उरतात.

ह्या गृहस्थांचे नाव जॉन सल्स्टन. आपल्यासारख्या कचेरीत बसणाऱ्या मंडळींस ह्या माणसाविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असे मला वाटते, कारण त्यांचे सारे कर्तृत्व नोंदी ठेवण्यात आणि त्या नोंदी सर्वांस खुल्या ठेवण्यात आहे.

त्यांचा जन्म २७ मार्च १९४२ चा. वडील धर्मोपदेशक, आई इंग्रजीची शिक्षिका. मुलाची वडिलांच्या धर्मावरील श्रद्धा पुढे उडाली. केंब्रिज येथे रसायनशास्त्राची पदवी, १९६६ साली डॉक्टरेट, मग कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत काही काळ काम, आणि १९६९ साली पुन्हा केंब्रिज. तेथे सिडनी ब्रेनर ह्यांनी एका क्षुद्र कृमीवर साऱ्या जीवशास्त्राचा डाव मांडला होता. सल्स्टन त्या डावात सामील झाले.

पेशींची वंशावळ झाल्यावर त्यांनी कृमीच्या डी. एन. ए. कडे मोर्चा वळविला. डी. एन. ए. म्हणजे ए, सी, जी, टी ह्या चार अक्षरांत लिहिलेला अतिदीर्घ मजकूर. तो वाचण्याची सर्वांत उपयुक्त रीत त्याच प्रयोगशाळेतील फ्रेडरिक सँगर ह्यांनी १९७७ साली शोधून काढली होती. परंतु ह्या रीतीने एका बैठकीत काही शेकडा अक्षरेच वाचता येत, आणि कृमीचा मजकूर सुमारे १० कोटी अक्षरांचा! तेव्हा मजकुराच्या अनेक प्रती करायच्या, त्यांचे तुकडे करायचे, तुकडे वाचायचे आणि एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडाशी जुळते का ते पाहून मूळ लेख पुन्हा उभा करायचा, एवढाच मार्ग उरला.

ही जुळणी काय असते, ह्याचा थोडा अनुभव प्रस्तुत लेखकास आहे. एका कचेरीत असताना जुन्या परिपत्रकांच्या कपाटास वाळवी लागली. सुदैवाने त्याच परिपत्रकांच्या प्रती अन्य दोन शाखांत होत्या, आणि त्याही वाळवीने खाल्ल्या होत्या, पण निराळ्या जागी. तिन्ही प्रती शेजारी मांडून मी पंधरा दिवसांत बहुतेक मजकूर परत मिळविला. मात्र एक गोष्ट फार छळीत असे. ‘माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव’ हे शब्द प्रत्येक पानावर. दोन चिटोऱ्यांवर तेवढेच शब्द सारखे दिसले, म्हणून ती एकमेकांस जोडावीत काय? मी दोनदा जोडली आणि दोनदा फसलो. जीवांच्या लेखांतही असाच प्रकार असतो. माणसाच्या डी. एन. ए. चा सुमारे निम्मा भाग पुनरुक्तींनी भरलेला आहे.

सल्स्टन ह्यांचा उपाय दप्तरदाराचा होता. आधी मोठी बाडे लावून घ्यावीत, मग पाने. सँगर १९८३ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे सहायक ॲलन कूल्सन सल्स्टन ह्यांच्याकडे आले. दोघांनी कृमीच्या डी. एन. ए. चे सुमारे ४०,००० अक्षरांचे तुकडे जिवाणूंत वाढविले, प्रत्येक तुकडा विकरांनी कापून त्याच्या खंडांच्या लांबीवरून जणू त्याचा अंगठा उमटवून घेतला, आणि ज्यांचे ठसे अंशतः जुळतात ते तुकडे शेजारी लावीत नेले. अमेरिकेतील सेंट लुईसहून रॉबर्ट वॉटरस्टन ह्यांची जोड मिळाली. १९८९ साली कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिषदेत हा नकाशा सभागृहाच्या मागील भिंतीवर लावला गेला. जेम्स वॉटसन ह्यांनी तो पाहिला, आणि पुढल्याच वर्षी अक्षरवाचनास पैसा मिळू लागला.

१९९२ साली एका अमेरिकी भांडवलदाराने सिॲटल येथे कंपनी काढून ह्या जोडीस तिकडे नेण्याचा घाट घातला. ती गेली नाही. ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट पुढे आला आणि केंब्रिजच्या दक्षिणेस हिंक्स्टन ह्या खेड्यात सँगर केंद्र उभे राहिले. सल्स्टन त्याचे पहिले संचालक. आपले नाव देण्यास सँगर ह्यांनी संमती दिली, पण काम मात्र चांगले व्हायला हवे, असे बजावूनच. डिसेंबर १९९८ मध्ये कृमीचा लेख प्रसिद्ध झाला. बहुपेशीय प्राण्याचा हा पहिलाच.

परंतु माझ्या मते सल्स्टन ह्यांची खरी कसोटी फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावरील बैठकीत लागली. मनुष्याच्या लेखाचे काम अनेक देशांत वाटले गेले होते. वाचलेला मजकूर कोणाचा, वाचणाऱ्याचा की सर्वांचा? सल्स्टन उठले आणि फळ्यावर त्यांनी कलमे लिहिली. १००० अक्षरांहून मोठा जुळलेला तुकडा २४ तासांच्या आत सर्वांस खुला करावा, आणि त्यावर कोणी मालकी सांगू नये. संशोधक हा आपले काम छापून होईपर्यंत उशाखाली ठेवून निजणारा प्राणी! त्याच्या गळी हे उतरविणे सोपे नव्हते. तरीही ते उतरले.

ह्या आग्रहामागे एक कडू अनुभवही होता. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-२ हे जनुक १९९५ साली माइक स्ट्रॅटन ह्यांच्या गटाने सँगर केंद्राच्या साहाय्याने शोधले, आणि अमेरिकेतील मिरियाड कंपनीने त्याच जनुकावर पेटंट मागितले. निसर्गातील डी. एन. ए. कोणाच्या पेटंटाचा विषय होऊ शकत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०१३ साली.

१९९८ च्या मे महिन्यात क्रेग व्हेंटर ह्यांनी जाहीर केले की, नकाशाबिकाशा काही न करता सारा मानवी लेख एकदम फोडून त्यांची नवी कंपनी तो तीन वर्षांत जुळवील. ही कंपनी म्हणजेच सेलेरा, आणि ती वर्गणी घेऊन माहिती विकणार होती. सार्वजनिक प्रकल्पाचे पाय लटपटले. वेलकम ट्रस्टने मात्र मदत वाढविली आणि मानवी लेखाचा तिसरा हिस्सा हिंक्स्टनने उचलला. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, व्हेंटर ह्यांची रीत खोटी ठरली नाही. आज नवीन जीवांचे लेख बहुधा एकदम फोडूनच जुळवितात. तरी २००० साली त्यांच्या कंपनीनेही सार्वजनिक मजकूर आपल्या जुळणीत मिसळून घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शेवटची घाई मोठी विलक्षण होती. २००० सालच्या वसंतात सार्वजनिक बाजूकडे सुमारे चार लाख तुकडे होते, पण ते नीट लावणारी संगणक-आज्ञावली नव्हती. सान्ताक्रूझ येथील जिम केंट नावाच्या विद्यार्थ्याने ती चार आठवड्यांत लिहिली. मनगटे दुखत, तेव्हा तो ती बर्फात ठेवी. शंभर साध्या संगणकांवर २२ जून रोजी जुळणी पुरी झाली, २६ रोजी वॉशिंग्टन येथे घोषणा झाली, आणि ७ जुलै रोजी सारा लेख इंटरनेटवर सर्वांस मोकळा झाला.

त्याच वर्षी सल्स्टन संचालकपदावरून दूर झाले. २००२ चे नोबेल पारितोषिक त्यांना ब्रेनर व हॉर्विट्झ ह्यांच्यासमवेत मिळाले, ते मानवी लेखासाठी नव्हे, तर कृमीच्या त्या वंशावळीसाठी. मानवी लेख २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले खरे, परंतु त्यातील सुमारे ८ टक्के भाग, मुख्यतः पुनरुक्तींचा, २०२२ पर्यंत कोरा होता. तो भरलेला पाहण्यास सल्स्टन नव्हते. ६ मार्च २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

मागल्या रविवारी हा लेख लिहिताना मी घरच्या संगणकावर २२ वे गुणसूत्र उघडून पाहिले. पुरे वाचले गेलेले पहिले मानवी गुणसूत्र ते हेच, १९९९ सालचे, आणि त्यात हिंक्स्टनचाच पुढाकार होता. अक्षरांमागून अक्षरे सरकू लागली. मला त्यांतले काही कळत नव्हते. पण कोणी माझे नाव विचारले नाही, शुल्क मागितले नाही, की अर्ज तीन प्रतींत भरावयास सांगितले नाही.