अंगावर काढलेले दुखणे

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या नांदेड-लातूरच्या मुलखात, ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर चार दिवस ‘बाजूला’ बसणारी आणि जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या घड्या दुसऱ्या वस्त्राआड वाळत घालणारी स्त्री आपला अतिरक्तस्राव मुकाट्याने अंगावर काढीत असे. कारण त्या वेदनेला ना घरात वाचा होती, ना सरकारी दप्तरात रकाना. वस्तुतः व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी अशा रक्तस्रावामागे असू शकणाऱ्या एका विकाराचे वर्णन १८६० सालीच केले होते आणि १९२५ मध्ये फ्रांकल यांनी त्याला ‘अ‍ॅडेनोमायोसिस’ हे नाव दिले. गर्भाशयाचे अस्तर त्याच्याच स्नायूंत शिरून मासिक चक्राबरोबर तेथेही सुजते. हा कर्करोग नव्हे. परंतु महिनोन्महिने रक्त गेल्याने पंडुरोग जडतो, दोन घागरी वाहतानाही धाप लागते, आणि गर्भधारणाही कित्येकींना दुष्कर होते.

१९६६ साली लातुरात विवेकानंद रुग्णालय उभे राहिले, १९८८ मध्ये नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आणि पूर्वी काढलेल्या गर्भाशयाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीतच उमगणारे हे निदान पुढे सोनोग्राफीने होऊ लागले. तरीही शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. औषधे व संप्रेरकयुक्त तांबी उपलब्ध असताना शस्त्रक्रिया हा अखेरचा उपाय मानणे, आणि त्याआधी त्या स्त्रीचे म्हणणे ऐकून घेणे, हेच या इतिहासाचे ऋण फेडणे होय.